पिवळीची पाठ

मल्हारीनं बादलीत हार्डनर ओतला आणि मग मदतीला येणाऱ्या कारखान्यातल्या पोरांना फोन लावला.

“कुठवर आले रे?”

“दादा, आपण तर सिल्लोडला हाव. साल्याचं लगीन हाय. सांगायचंच राह्यलं बघा.”

“अन् काल तर म्हणला, येतो म्हणून!”

“काल यायचंच होतं, दादा.” पलीकडं बँड वाजत होता. “आज नाय जमत.”

फोन बंद झाला. मल्हारीनं बादलीकडं पाहिलं, त्याच्या बायकोनं, रत्नमालानं, मल्हारीकडं पाहिलं, आणि लिंबाखाली बाजेवर बसलेल्या त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, दोघांकडं पाहून सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“आधी फोन करायचा अन् मंग ओतायचं,” रत्नमाला म्हणाली. “दूध पातेल्यात घालायच्या आधी पातेलं बघते मी.”

“दूध नासलं तर चहा बुडंल. हे नासलं तर पिवळी बुडंल.”

“ती कशात बुडंल? धरणात आहे का बुडायपुरतं पाणी?”

त्या सालच्या उन्हाळ्यात नाथसागराचा तळ उघडा पडला होता, आणि हर्सूलचं तळं तर पोरांना क्रिकेटला कामी येत होतं. शहर मात्र वाढतच होतं. जिथं कधी या घरची मेंढरं चरली तिथं आता चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट होते आणि प्रत्येक नव्या गच्चीवर फायबरची टाकी होती, आत पाणी असो वा नसो. त्या टाक्या करण्यातच चिकलठाण्याच्या कारखान्यात मल्हारीचा जन्म गेला होता. रेझीनमध्ये हार्डनर पडला की ते आपलं ऐकत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. थंडीत ते जरा दम धरतं. अशा उन्हात ते बघता बघता दगड होणार होतं, आणि त्याच्या आत पिवळीच्या पाठीत नवी फळी बसायला हवी होती.

पिवळी म्हणजे या घरातली मोटरबोट. मुंबईच्या कुण्या शेठनं सत्तरच्या सुमारास शर्यतीसाठी करून घेतलेली, बाणासारख्या नाकाची, पिवळ्या पट्ट्याची. फिरत फिरत ती पैठणला एका बोटक्लबात आली. तिथं रखवालदार होते खंडेराव, वच्छलाबाईंचे मालक. क्लब बंद पडला आणि खंडेरावांनी उरलीसुरली मेंढरं विकून बोट घरी आणली. धनगराच्या घरात मेंढरं जाऊन मोटरबोट आली, ही गोष्ट भावकीतल्या लग्नात अजूनही जेवणाच्या पंगतीत वाढली जाई. पण खरी गंमत पुढंच होती. खंडेरावांना पाण्याचं भ्या. बोट चालवली ती वच्छलाबाईंनी. नऊवारीचा काष्टा घट्ट करून, तोंडानं मेंढरं हाकल्यासारखं ‘हुर्र हुर्र’ करत त्या धरणावर बोट अशी पळवायच्या की काठावरचे कोळी जाळं टाकायचं विसरायचे. धरणाच्या पाण्याखाली त्यांचं माहेर गेलेलं होतं. “वरून का होईना, माहेरी जाऊन येते,” असं त्या म्हणायच्या.

खंडेराव वारले, पिवळी पत्र्याच्या शेडमध्ये आली, वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिली आणि मल्हारीच्या डोक्यात शिरली ती त्या सालच्या होळीच्या सुमारास. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस घरात किती वेळ बसणार? त्यानं पिवळीच्या पाठीवर हातोडी मारून पाहिली, आवाज आला तो ओल्या पोत्यासारखा. मोटरबोटीचं सगळं वजन पाठीला असतं. इंजिन तिथंच टांगतात. बाहेरून फायबर, आत लाकडाची जाड फळी. ती फळी कुजली तर ऐन वेगात इंजिन पाठ फाडून पाण्यात जातं. मल्हारीनं बाहेरची साल कापून काढली तर आतून चहाच्या चोथ्यासारखं लाकूड निघालं. मग घासणं, वाळवणं, नव्या मरीन प्लायच्या जाड थराची फळी कापणं. फायबरच्या धुळीनं घरादाराला खाज सुटली. रत्नमालानं नवऱ्याला आठवडेच्या आठवडे ओट्यावर झोपवलं आणि त्याचे कपडे काठीनं उचलून धुतले.

तिची खरी तक्रार खाजेची नव्हती. पिवळी उभी होती ती जागा तिची होती. निदान पिवळी शेडमध्ये आली तेव्हापासून तिला तसं सांगितलं गेलं होतं. ‘शेड मोकळी झाली की तिथं तुला शिवणक्लासला खोली.’ गुलमंडीहून आणलेलं कापड, कटिंगचं टेबल, तीन मशीन, शिकायला येणाऱ्या पोरी, सगळं तिनं जिन्याखालच्या बोळात कोंबलं होतं. म्हणून तिनं धाकट्या दिराशी, हनुमानशी, गुपचूप संधान बांधलं होतं. हनुमान प्लॉटिंगच्या धंद्यात होता. काहीही विकायला त्याला अडचण नव्हती. त्यानं पिवळीसाठी फर्दापूरचं गिऱ्हाईक शोधलं होतं. आज ते येणार होतं. मल्हारी कारखान्यातल्या पोरांबरोबर कामात गुंतलेला असेल, पाहुण्यांसमोर तमाशा करणार नाही, असा त्यांचा हिशेब.

“आई, फळी उचल!” बोटीत उभी असलेली सृष्टी ओरडली. ही त्यांची लेक, पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला, हातात वरून आवळायचे शिकंजे घेऊन तयार. “पप्पा, बादली गरम होऊ राह्यली!”

मल्हारीनं बादलीतला भुकटी कालवलेला लगदा पाठीच्या आतल्या सालीवर थापला, पिठलं थापावं तसा भराभरा. मग नवराबायकोनं मिळून फळी उचलली आणि जागेवर टेकवली. ती अशी चपखल बसली की रत्नमालाच्या तोंडून नकळत “आग्गं बाई” निघालं. ब्लाउजची बाही पहिल्याच झटक्यात मुंढ्यात बसावी, तशी.

सृष्टीनं वरच्या काठाला शिकंजे आवळले. पण शिकंजा पोचतो तो वरवर. खाली पिवळीच्या पोटाशी टेकू लागतात, आणि टेकू आणणारे सिल्लोडला नाचत होते. मल्हारीनं फळीला पाठ लावली आणि टाचा मातीत रुतवल्या. बोटीचं नाक शेडच्या पलीकडच्या भिंतीला टेकलेलं होतं, ती सरकणार नव्हती. रत्नमालानं दुसऱ्या टोकाला खांदा लावला. फळी मधे तरीही फुगलेली दिसत होती.

“मी येऊ का?” वच्छलाबाई म्हणाल्या.

“तुम्ही बसा, आत्याबाई. तुम्हाला चिकटवलं तर सोडवायचं कसं?”

तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. फाटक अरुंद, पिवळी कुशीवर आडवी करून आत आली होती पण गाडी येत नसे, हे हनुमानचं रोजचं दुखणं. तो उतरला, पोट सावरत. मागून उतरले कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले, बोटात अंगठ्या घातलेले एक गृहस्थ.

“वहिनी, फर्दापूरचे पाहुणे. नानासाहेब,” हनुमान म्हणाला आणि समोरचं दृश्य पाहून थबकला.

मल्हारी आणि हनुमान एकाच घराच्या दोन भागांत राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. तळ्यामागचा वडिलोपार्जित माळ हनुमाननं प्लॉटिंगला दिला तेव्हापासून. जे काही बोलायचं ते रत्नमालामार्फत.

“तुझ्या दिराला सांग,” मल्हारी दातओठ खात म्हणाला, “तिथं उभं राहून काय बघू राह्यला? मधी जोर लाव म्हणावं!”

“भाऊजी, मधी जोर लावा.”

“वहिनी, दादाला सांगा, माझा शर्ट नवा हाय.”

“अहो, त्यांचा शर्ट नवा हाय.”

“त्याला म्हणावं, त्याच्या बापाची बोट जुनी हाय!”

हनुमाननं शर्ट काढून फाटकावर टाकला आणि भावाशेजारी फळीला पाठ लावली. फळी हलली, बसली, कडेनं लगदा बाहेर आला. पण एका कोपऱ्यात अजून फट होती. सगळ्यांच्या नजरा पाहुण्यांकडं वळल्या. नानासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. भले गृहस्थ. त्यांनी बाह्या सारल्या आणि दोन्ही तळवे कोपऱ्यावर टेकले.

“आता हलायचं नाय कुणी,” मल्हारी म्हणाला. “पकडंपर्यंत असंच.”

असं ते चौघं उन्हात उभे राहिले, जणू पिवळी पळून जाणार होती. वर सृष्टी शिकंजे तपासत होती. वच्छलाबाईंना कितीतरी दिवसांनी असा पाहुणचार बघायला मिळत होता. त्यांनी बाज थोडी पुढं ओढली.

“पाहुणे, बरं झालं आले. पोरगा काय करतो?”

“कुणाचा पोरगा?” नानासाहेब घामातून म्हणाले.

“तुमचा. आमची सृष्टी बघायला आले ना?”

सृष्टीच्या हातातला शिकंजा बोटीत पडला. “हनुमानकाका, तुम्ही स्थळ आणलं?”

“नाही हो माय,” नानासाहेब घाईनं म्हणाले, “मला दोन पोरीच हायत, दोन्ही सासरी. मी बोट बघायला आलो. हॉटेल हाय माझं, लेणीच्या रस्त्याला. बागेत ठेवीन म्हणतो. आत टेबल मांडायचे, लोकं फोटो काढतील.”

क्षणभर वाटलं, मल्हारी आता फळी सोडून भावाच्या अंगावर जाणार.

“पप्पा, हलू नका!” सृष्टी किंचाळली.

तो हलला नाही. मान तेवढी वळवून त्यानं रत्नमालाकडं पाहिलं. “तुला ठावं होतं?”

खोटं बोलायला रत्नमालाला तोंड होतं, पण खांदा नव्याच लाकडाला लागलेला होता, आणि त्या लाकडाची ऊब तिला जाणवायला लागली होती.

“व्हय. मीच बोलावलं. मशीनी काय जिन्याखाली ठेवून जन्म काढू? पोरी वाकून येतात क्लासला, वाकून जातात. बायांना वाटतं, कुबड काढायचा क्लास हाय.”

“मला सांगायचं व्हतं.”

“सांगितलं. तुमच्या कानात धूळ होती.”

मल्हारी चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मान खाली घालून फळीला आणखी जोर लावायला लागला, एखादं आजारी जनावर उठवावं तसा, आणि ते तिला बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

“वहिनी,” हनुमान म्हणाला, “दादाला सांगा, वाईट वाटून घेऊ नको.”

“मी नाय सांगत,” रत्नमाला म्हणाली. “माझं टावर गेलं.”

“आं?”

“इतके वर्सं तुम्हा दोघा भावांची रेंज मीच. आज नाय. खांद्याला खांदा लागलाय ना तुमचा? मंग बोला.”

दोघांच्याही गळ्यावरून घाम ओघळत होता. वच्छलाबाईंनी सुपारी चघळणंसुद्धा थांबवलं.

“माळ विकताना मला विचारलं होतं का?” शेवटी मल्हारी समोरच्या लिंबाला म्हणाला.

“विचारलं होतं,” हनुमानही त्याच लिंबाला म्हणाला. “तू म्हणला, तुला करायचं ते कर.”

“ते काय ‘हो’ म्हणणं होतं?”

“मंग काय होतं?”

मल्हारीनं बराच विचार केला. “रुसणं होतं.”

“आता मला काय सपान पडणार?” हनुमान पोटातून हसला, तशी फळी हादरली आणि सगळे एकदम “ए!” म्हणून ओरडले. “रुसला तर सांगावं माणसानं. मला वाटलं तू रागावला. मी रोज भांडायची तयारी करून बसायचो. आज दादा येणार, शिव्या देणार. तू आलाच नाय कधी.”

“तू का नाय आला?”

“तुझी भीती वाटती मला.”

“माझी?” मल्हारीनं पहिल्यांदा भावाकडं वळून पाहिलं. “मला तर कारखान्यातलं मांजरसुद्धा भीत नाय.”

“मांजराला तू बापासारखं दहावीपर्यंत शिकवलं नसंल.”

रत्नमालानं नानासाहेबांना खुणेनं विचारलं, पाणी हवं का? त्यांनी मानेनं नको म्हटलं. हात मोकळे नव्हते, आणि मधे बोलायची त्यांना भीडही वाटत असावी.

मग सृष्टीनं खाली उतरून बादलीतल्या उरलेल्या लगद्याला काठीनं टोचून पाहिलं. काठी आत शिरेना.

“पकडलं!”

एकेक जण हळूहळू सुटा झाला. फळी जागची हलली नाही. हनुमानच्या पाठीचे केस थोडे मागं राहिले. नानासाहेबांचे तळवे चिकट, पांढऱ्या सदऱ्याला लगद्याचा पट्टा. रत्नमालानं धावपळ करून रॉकेलचा बोळा दिला, चहा ठेवला. सगळे ओट्यावर बसले, लग्न लावून आलेल्या वऱ्हाड्यांसारखे दमलेले आणि उगाचच खूष.

“काम झकास हाय,” नानासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले. “आपला सौदा पक्का. फक्त एक हाय. ही मागची बाजू कापावी लागंल.”

“कोणती?” हनुमान म्हणाला.

“हीच. आत्ता बसवली ती. इथून पायऱ्या करायच्या, म्हणजे बायालेकरांना चढायला सोपं.”

मल्हारीनं कप खाली ठेवला. पण तोंड उघडलं ते हनुमाननं.

“कापायची? माझी कातडी लागलीय तिला.”

“अहो, तुम्हीच तर म्हणले होते, पाहिजे तशी कापा—”

“म्हणलो होतो. तवा ती कुजकी होती.” हनुमान उठून पिवळीपाशी गेला आणि फळीवर हात ठेवून उभा राहिला, गिऱ्हाइकाला प्लॉटची हद्द दाखवावी तसा. “आता ती आमच्या दादानं नवी केलीय. पायऱ्या पाहिजेत तर दुसरं काही बघा, नानासाहेब. जुना ट्रक देतो मिळवून. ट्रकात टेबल चांगले बसतात.”

“इका,” वच्छलाबाई बाजेवरून म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले.

“मला कुणी विचारलं का? बोट माझी. मीच सांगते, इका. नावेला चालवणारं पायजे. नसलं तर ती नाव नसती, हौद असतो. माह्यानं आता काष्टा होत नाय. मल्हारी चालवणार? हा बापावर गेला, बादलीत डोकावला तरी चक्कर येती. हनुमान बसला तर बसल्या जागी बुडंल. मंग कुणासाठी पाठ नवी केली? इका अन् बाईला खोली द्या. तिची मागणी जुनी हाय.”

हे ऐकून रत्नमालाला आनंद व्हायला हवा होता. सासू तिच्या बाजूनं बोलत होती, तेही चारचौघांत. पण तिच्या डोळ्यांपुढं भलतंच आलं. पिवळी शेवटची पाण्यावर होती तेव्हा सृष्टी तिच्या पोटात होती. ‘तू नको, पुढच्या खेपंला,’ म्हणून तिला काठावर दगडावर बसवलं होतं, शिदोरी राखायला. समोरून सासू उन्हात चमकत गेली होती, पदर मागं उडत, आणि सगळ्या पाण्यावर तिची एकटीची रेघ उमटली होती. पुढची खेप आलीच नाही. रत्नमालानं त्याची तक्रारही कधी केली नव्हती, कारण हे आपल्याला हवं होतं, हेच तिला आत्ता कळत होतं.

“मी चालवीन,” ती म्हणाली.

“काय?” मल्हारी म्हणाला.

“बोट. मशीनचं पायडल मारते, स्कूटी चालवते, तुमचं घर चालवते. ही काय जड हाय?”

“अन् क्लास?” हनुमान म्हणाला.

“क्लासबी पायजे. खोलीबी पायजे.” आता ती थांबणार नव्हती. “पिवळी शेडमधून काढायची अन् तुमच्या दारापुढं, गाडीसाठी जी फरशी केलीय ना, तिथं छपराखाली ठेवायची. शेडमध्ये माझी खोली. दोघा भावांनी बांधायची. गाडी तशी पण फाटकातून आत येत नाय, तिला फरशी कशाला?”

हनुमाननं भावाकडं पाहिलं. मल्हारीनं लगेच लिंबाकडं पाहिलं.

“दादा, बोल ना काही.”

“मी काय बोलू? तुझी वहिनी हाय.”

“तुझी बायको हाय!”

“म्हणून तर म्हणलो, मी काय बोलू?”

वच्छलाबाई आवाज न करता हसत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. नानासाहेबांनी बशी खाली ठेवली, रत्नमालाला हात जोडले आणि म्हणाले, “ताई, धरण भरलं की कळवा. मी बघायला येईन. जुन्या कपड्यात येईन.” हनुमान त्यांना सोडायला गेला, उघडाच. नवा शर्ट फाटकावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारीनं शिकंजे काढले आणि नव्या पाठीवर हातोडीनं वाजवलं. टण् असा कोरडा, भरीव आवाज आला. शेजारच्या भागातून हनुमान लगबगीनं बाहेर आला, तोंडात ब्रश. “पुन्हा मार, दादा,” तो म्हणाला. मल्हारीनं पुन्हा मारलं. मग त्यानं हातोडी भावाच्या हातात दिली आणि दोघं आळीपाळीनं वाजवत बसले. सृष्टी म्हणाली, आता नका ठोकू, पाठ मोडेल.

रत्नमाला पदर खोचून पिवळीत चढली आणि फाटक्या गादीवर, सुकाणूच्या चाकामागं बसली. चाक तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, आणि हाताला गार. वच्छलाबाईंनी बाज बोटीला लावून घेतली आणि काठीनं बोटीच्या कडेला ठोकलं.

“चाक आवळून धरू नको. ती काय पळून जाती? कोपर सैल सोड. डोळे नाकावर नको, लांब ठेव. डावीकडं वळायचं असंल तर आधीच वळ, पाणी उशिरा ऐकतं.”

“अन् ब्रेक कुठं असतो, आत्याबाई?”

“पाण्यात कुठला आला ब्रेक?”

“मंग थांबवायची कशी?”

“आत्तापासून थांबायचं काय काढलं?” वच्छलाबाई म्हणाल्या. “आधी निघ तर खरी.”